विमानाचे पाय : चाक, स्की आणि परतीची वाट

१/
यवतमाळ जिल्ह्यात बर्फ पडत नाही. पहाटेच्या शेकोट्या आणि कापूस वेचताना बोटांना बोचणारा गारठा, एवढाच आमचा हिवाळा. मग हलक्या विमानाला बर्फावर उतरण्यासाठी कोणते पाय लावावेत, हा प्रश्न इथे बसून कोणी का विचारावा? आजचा धागा याच प्रश्नाचा आहे. वाट जुहू, पुणे, अलास्का, आल्प्स, लेह आणि नागपूर अशी फिरत गोव्याला येते व तेथून अंटार्क्टिकाला जाते. सुरुवात मात्र घरच्या बंडीपासून करू.

२/
आमच्याकडची जुनी बंडी म्हणजे लाकडी चाक आणि त्यावर चढवलेली लोखंडी धाव. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या काळ्या रानातून ती खडखडत जाते. जुलैत त्याच रानात चाक आऱ्यांपर्यंत रुतते. पुढे टायरची बंडी आली. बैल तेच, माती तीच. बदलला तो जमिनीला टेकणारा भाग. आणखी एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते : रिकामी बंडी ओल्या शेतात सहज शिरते, खरी परीक्षा ती भरून बाहेर काढताना होते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या इतिहासात ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

३/
थोडा हिशेब करू. भरलेले वजन १,००० किलो असलेले एक छोटे विमान घ्या. त्याच्या टायरात दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो दाब असेल, तर जमिनीवरही जवळपास तेवढाच भार पडतो. आता चाकांच्या जागी प्रत्येकी १८० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की लावा. एकूण क्षेत्रफळ १०,८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलोहूनही कमी भार. दोन पायांवर उभ्या असलेल्या माणसाचा भार साधारण ०.१५ किलो भरतो. माणूस जिथे घोट्यापर्यंत रुततो, तिथे हे विमान तरंगल्यासारखे उभे राहू शकते.

४/
मग प्रत्येक विमानाला स्कीच का लावू नये? कारण स्कीला ब्रेक नसतो. ती सहज वळत नाही. खडी किंवा डांबरावर ती घासून निकामी होते. चाकाला कठीण जमीन हवी, स्कीला बर्फ हवा. अडचण अशी की ज्या गावाहून निघायचे आणि जिथे उतरायचे, त्या दोन जागा बहुधा एका जातीच्या नसतात. यावर वैमानिकांनी तीन उत्तरे शोधली. एक, जमीन बदला. दोन, विमानाचे पाय बदला. तीन, दोन्ही पाय सोबत न्या. या तिसऱ्या उत्तराचे नाव चाक-स्की.

५/
चाकाचा बर्फावरचा पहिला मोठा पराभव विमानाचा नव्हता, मोटारीचा होता. अर्नेस्ट शॅकल्टनने १९०७ साली निघालेल्या आपल्या मोहिमेत अ‍ॅरोल-जॉन्स्टन बनावटीची मोटार अंटार्क्टिकाला नेली. कठीण बर्फावर ती धावली, भुसभुशीत हिमात चाके नुसती फिरत राहिली. १९११ मध्ये डग्लस मॉसनने व्हिकर्स कंपनीचे विमान नेण्याचे ठरवले. ते ऑस्ट्रेलियातच अ‍ॅडलेडला कोसळले. मॉसनने त्याचे पंख काढले, खाली स्की ठेवल्या आणि सामान ओढणारी घसरगाडी म्हणून ते वापरून पाहिले. उडणाऱ्या यंत्राने बर्फावर पहिल्यांदा बस्तान बसवले ते असे, पंखांविना.

६/
पायांच्या निवडीची गंमत आणि जीवघेणी बाजू दोन्ही दिसतात त्या १९२८ या एका वर्षात. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ह्युबर्ट विल्किन्स हा ऑस्ट्रेलियन संशोधक लॉकहीड व्हेगा विमाने घेऊन अंटार्क्टिकाजवळच्या डिसेप्शन बेटावर पोहोचला. बंदरातल्या गोठलेल्या पाण्यावरून उडावे असा बेत होता, पण त्या वर्षी बर्फ पातळ होता. पाण्यावर तरंगणारे पाय लावून पाहिले, तर समुद्रपक्ष्यांचे थवे आडवे आले. शेवटी त्याच्या माणसांनी ज्वालामुखीच्या राखेत हाताने खणून, दगड वेचून, मध्येच वळणारी एक ओबडधोबड धावपट्टी तयार केली. विमान उडाले ते चाकांवर. बर्फाच्या खंडात पहिले उत्तर कामाला आले : जमीन बदला.

७/
त्याच वर्षी उत्तर ध्रुवाकडे दुसरा प्रसंग घडला. २५ मे १९२८ रोजी 'इटालिया' हे हवाई जहाज स्पिट्सबर्गेनच्या ईशान्येस बर्फावर आदळले. नेता उंबेर्तो नोबिले जखमी झाला, काही सोबती वाचले आणि वाहत्या हिमखंडावर अडकले. जूनच्या अखेरीस स्वीडिश वैमानिक आयनर लुंडबोर्ग स्की लावलेले फोकर विमान घेऊन तिथे उतरला आणि नोबिलेला व त्याच्या छोट्या कुत्रीला घेऊन सुखरूप परतला. बाकीच्यांना आणायला तो पुन्हा आला, तेव्हा उतरताना विमान उलटे झाले. सोडवणाराच अडकला.

८/
लुंडबोर्ग जवळजवळ दोन आठवडे त्या हिमखंडावर राहिला. उन्हाळ्याने बर्फाचा वरचा थर दिवसेंदिवस मऊ होत होता. जड विमान पुन्हा उतरवणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे होते. ६ जुलै रोजी बिर्गर शुबर्ग हा त्याचा सहकारी द हॅविलँड मॉथ हे अगदी हलके, स्की लावलेले विमान घेऊन उतरला आणि लुंडबोर्गला घेऊन गेला. उरलेल्यांची सुटका पुढे 'क्रासिन' या बर्फफोड्या जहाजाने केली. स्की असणे पुरेसे नाही. त्या स्कीवर वजन किती आहे आणि बर्फ आज कसा आहे, हे दोन प्रश्न त्याआधी येतात. ६ जुलैच्या त्या बर्फावर मॉथ उतरू शकले आणि पुन्हा उडूही शकले.

९/
मॉथ हे नाव आपल्याला परके नाही. मुंबई फ्लाइंग क्लबात भारतीय तरुण ज्या विमानांवर उडायला शिकले ती याच घराण्यातली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबई गाठली आणि जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेला. भारतीय नागरी विमानसेवेची ही सुरुवात आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्या जमिनीविषयी मात्र पाठ्यपुस्तक काही सांगत नाही.

१०/
जुहूचा तो विमानतळ म्हणजे वाळलेल्या चिखलाचे सपाट मैदान होते. ऑक्टोबर ते मे चाके त्यावर छान धावत. पावसाळ्यात मात्र भरतीच्या वेळी ते मैदान समुद्रपातळीच्या खाली जाई. चाक बदलून हा प्रश्न सुटणारा नव्हता. म्हणून टाटांची छोटीशी मंडळी दर पावसाळ्यात विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक यांच्यासह पुण्याला हलत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मोकळ्या मैदानावरून टपाल चालवत. आपल्या हवाई इतिहासातला चातुर्मास म्हणावा असा हा प्रकार. आपल्याकडे विमानाला अडवणारा ऋतू हिवाळा नव्हता, पावसाळा होता. आणि त्यावरचे उत्तर होते ऋतूबरोबर जागा सोडणे.

११/
आता त्याच दशकातला, अलास्कातल्या व्हाल्डेझ गावचा चिखल पाहा. बॉब रीव्ह हा वैमानिक डोंगरातल्या सोन्याच्या खाणींना सामान पोहोचवत असे. खाणी हिमनद्यांच्या काठाला, म्हणून तिथे उतरायला स्की हवी. हिवाळ्यात गावातही बर्फ असल्याने अडचण नव्हती. उन्हाळ्यात मात्र वर बर्फ आणि गावात कोरडी जमीन. खाणीचे काम तर उन्हाळ्यातच जोरात चाले. स्की लावली तर गावातून उडता येत नाही, चाके लावली तर वर उतरता येत नाही.

१२/
रीव्हची नजर गावाबाहेरच्या खाडीकडे गेली. ओहोटीला उघडा पडणारा चिखल गुळगुळीत आणि ओला असे. त्याने स्कीवरचे विमान त्या चिखलावर आणले आणि उडवले. मग वेळापत्रक घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालू लागले. जुहूच्या चिखलाने टाटांना पुण्याला धाडले, तर व्हाल्डेझच्या चिखलाने रीव्हला धावपट्टी दिली. माती एकाच जातीची असूनही निर्णय उलटे झाले, कारण दोघांची पोहोचायची ठिकाणे वेगळी होती. पाय निवडताना नकाशावरचे एक टोक पाहून भागत नाही, ते यासाठी.

१३/
रीव्हच्या कौशल्यालाही मर्यादा होती. १९३७ च्या जूनमध्ये तो ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि रॉबर्ट बेट्स या गिर्यारोहकांना माउंट लुकेनियासाठी वॉल्श हिमनदीवर घेऊन गेला. अवेळी उष्मा आणि पाऊस झाला होता. विमान उतरले आणि स्कींसकट लापशीसारख्या बर्फात बसले. रीव्हला तिथून निघायला काही दिवस लागले. त्याने अनावश्यक वजन उतरवले, पंख्याच्या पात्यांचा कोन हातोडीने ठोकून बदलला, थोडी थंडी पडण्याची वाट पाहिली आणि कसाबसा उडाला. पुन्हा तिथे उतरायचे नाही, हे ठरूनच गेले. मागे राहिलेल्या दोघांनी शिखर सर केले आणि शंभराहून अधिक किलोमीटर रानोमाळ चालत बाहेर पडले.

१४/
इथे दुसऱ्या परिच्छेदातली बंडी आठवा. लुंडबोर्ग नोबिलेला घेऊन निघू शकला, म्हणून उतरण्याजोगी जागा म्हणजे पुन्हा येण्याजोगी जागा असे वाटले. रीव्ह उतरला, पण उठू शकत नव्हता. उतरताना विमानाकडे वेग असतो आणि पंख अजून भार पेलत असतात. बर्फ हळूहळू वजन घेतो. उडताना उलटे असते. विमान थांबलेले असते, सगळा भार स्कीवर असतो आणि इंजिनाला बर्फाची पकड तोडून वेग मिळवायचा असतो. म्हणून जाणते वैमानिक जागा निवडताना आधी विचारतात : इथून निघता येईल का?

१५/
तिसऱ्या उत्तराकडे येऊ. चाक-स्कीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात स्कीच्या मधोमध भोक असते आणि त्यातून चाकाचा खालचा भाग थोडासा बाहेर डोकावतो. कठीण जमिनीवर विमान चाकावर चालते. मऊ हिमात चाक आत दबते आणि भार स्की घेते. यंत्रणा साधी, वजन कमी, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. पण बाहेर आलेले चाक बर्फात ब्रेकसारखे ओढत राहते. खोल, भुसभुशीत हिमातून उडताना ही ओढ फार महाग पडते.

१६/
दुसऱ्या प्रकारात स्की खालीवर होते. वैमानिक हातपंपाने किंवा तेलाच्या दाबाने तिला चाकाच्या खाली आणतो, अथवा वर उचलून चाक मोकळे करतो. इथे स्की पूर्ण स्की असते आणि चाक पूर्ण चाक. किंमत मात्र मोजावी लागते. यंत्रणा जड असते आणि जेवढे वजन पायात गेले तेवढे सामान किंवा इंधन कमी. हवेचा अडथळा वाढतो. थंडीत झडपा आणि नळ्या रुसतात. सर्वांत वाईट म्हणजे विसरभोळेपणा : डांबरावर स्की खाली ठेवून उतरणे किंवा हिमात चाके खाली ठेवून उतरणे. दोन्ही पाय सोबत नेणाऱ्याला प्रत्येक वेळी आठवावे लागते की आत्ता कोणता पाय पुढे आहे.

१७/
पहिल्या प्रकाराचे सर्वांत नाट्यमय उदाहरण जानेवारी १९४७ चे आहे. अमेरिकन नौदलाच्या 'हायजंप' मोहिमेत सहा आर-फोर-डी विमाने 'फिलिपीन सी' या विमानवाहू जहाजावरून अंटार्क्टिकातल्या लिटल अमेरिका तळाकडे निघाली. आर-फोर-डी म्हणजे आपल्या ओळखीचे डाकोटा. जहाजाच्या डेकवरून स्कीने उडणे अशक्य, आणि तळावर चाकांनी उतरणे अशक्य. म्हणून स्कीतून चाक सुमारे तीन इंचच बाहेर ठेवले होते : डेकवर धावायला पुरेल आणि बर्फावर अडणार नाही इतकेच. सहाही विमाने पोहोचली. पहिल्या विमानात अ‍ॅडमिरल रिचर्ड बर्ड होते. दोन टोकांचा विचार तीन इंचांच्या एका मापात बसवला गेला.

१८/
दुसऱ्या प्रकाराला घडवले ते आल्प्सने. नोव्हेंबर १९४६ मध्ये एक अमेरिकन सी-५३ विमान, तेही डाकोटाच्याच घराण्यातले, स्वित्झर्लंडच्या गाउली हिमनदीवर आदळले. आतले बाराही जण वाचले. पायी गेलेली बचाव तुकडी त्यांच्यापर्यंत पोहोचली, पण जखमींना उतरवायचे कसे? २४ नोव्हेंबर रोजी स्विस वैमानिकांनी स्की लावलेली दोन छोटी फीजलर श्टोर्ख विमाने हिमनदीवर उतरवली आणि अनेक फेऱ्या करून सर्वांना खाली आणले. पर्वतातल्या हवाई बचावकार्याच्या इतिहासात हा दिवस मैलाचा दगड मानला जातो.

१९/
आता प्रश्न राहिला रोजच्या कामाचा. सिओन हे खोऱ्यातले गाव. तिथल्या धावपट्टीवर वर्षातला बराच काळ बर्फ नसतो. तिथला वैमानिक हेर्मान गायगर याने पायपर सुपर कब या दोन आसनी विमानाला खालीवर होणाऱ्या स्की लावल्या आणि १० मे १९५२ रोजी चाकांवर उडून स्कीवर हिमनदीवर उतरला. उताराच्या दिशेने वर चढत उतरायचे, म्हणजे वेग आपोआप मरतो. आणि निघताना उताराने खाली धावायचे, म्हणजे वेग आपोआप मिळतो. ब्रेक नसण्याचा दोष त्याने डोंगराच्या चढावर टाकला. पुढे शेकडो माणसांची सुटका याच पद्धतीने झाली. त्याचा मृत्यू १९६६ मध्ये सिओनच्याच सपाट धावपट्टीवर, एका ग्लायडरशी टक्कर होऊन झाला.

२०/
हीच स्विस विद्या १९६० मध्ये हिमालयात आली. नेपाळमधल्या धौलागिरी मोहिमेने 'यती' नावाचे पिलाटस पोर्टर विमान आणले, त्याला चाक-स्की होत्या. खाली गवताळ पट्टी, वर हिम. एर्न्स्ट साक्सर आणि एमिल विक हे वैमानिक सुमारे ५,७०० मीटर उंचीच्या खिंडीवर माणसे व सामान उतरवत राहिले. एवढ्या उंचीवर विरळ हवेमुळे इंजिन दमते, पंख दमतात आणि निघण्याचा प्रश्न दुप्पट कठीण होतो. मे महिन्यात 'यती' कोसळले. दोघे वैमानिक वाचले आणि चालत खाली उतरले. १३ मे रोजी शिखर सर झाले. विमानाने माणसांना वर नेले होते. खाली मात्र सगळे पायीच आले.

२१/
हिमालयाचा विषय निघाला की आपल्या वायुदलाचा विचार येतोच. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन डाकोटा लेहला उतरवले. उंची सुमारे सव्वातीन हजार मीटर. ना नकाशे धड, ना ऑक्सिजनची नीट सोय. पण पाय मात्र साधे, चाकांचेच. कारण लेह थंड असले तरी वाळवंट आहे. सिंधूकाठच्या वाळूत सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमातून पट्टी तयार करून ठेवली होती. थंडी आणि हिम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाय निवडताना तापमापक पाहायचा नसतो, जमीन पाहायची असते.

२२/
याच डाकोटाचा आवाज एकेकाळी आमच्या वऱ्हाडानेही रात्री ऐकला आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबई-नागपूर सरळ रेघ ओढली तर ती यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर सीमेजवळून जाते. लेहला वाळूवर आणि अंटार्क्टिकाला हिमावर उतरणारे हेच विमान सोनेगावच्या धावपट्टीवर पत्रे घेऊन येत होते. यंत्र एक, पाय त्या त्या जमिनीचे.

२३/
त्या यंत्राची सर्वांत कठीण परीक्षा ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. स्की लावलेले 'क्वे सेरा सेरा' नावाचे आर-फोर-डी दक्षिण ध्रुवावर उतरले. वैमानिक कॉनराड शिन, सोबत अ‍ॅडमिरल जॉर्ज ड्युफेक. तापमान उणे ५० अंशांच्या आसपास. इतक्या थंडीत स्कीखाली पाण्याचा पातळ थर तयारच होत नाही आणि हिम वाळूसारखे खरखरीत होते. पाऊण तासाने निघायचे ठरले तेव्हा स्की बर्फाला चिकटल्या होत्या. पहिले चार धक्का-रॉकेट पेटवले, विमान हलेना. उरलेली अकराही पेटवली, तेव्हा कुठे ते उचलले गेले. सोळावे रॉकेट त्यांच्याकडे नव्हते.

२४/
भारत अंटार्क्टिकावर पोहोचला तो ९ जानेवारी १९८२ रोजी, जहाज आणि हेलिकॉप्टर घेऊन. हेलिकॉप्टर हे या कोड्याचे वेगळेच उत्तर : जमिनीवर धावायचेच नाही. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभे राहिले. त्याच मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या पहिल्या दोन भारतीय महिला तिथे गेल्या. अदिती पंत नागपूरच्या मराठी घरात जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञ. जिथे टपालाची विमाने मध्यरात्री एकत्र येत, त्या शहरातली मुलगी जगाच्या टोकाशी पोहोचली.

२५/
पुढे १९८९ मध्ये 'मैत्री' आणि २०१२ मध्ये 'भारती' ही ठाणी सुरू झाली. या मोहिमांची सूत्रे गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. भारतासह अकरा देशांच्या 'ड्रोमलॅन' या व्यवस्थेतून शास्त्रज्ञ केपटाउनहून विमानाने जाऊ शकतात. रशियाच्या नोवोलाझारेव्स्काया ठाण्याजवळचा निळा बर्फ दगडासारखा कठीण; त्यावर अवजड इल्युशिन-७६ चक्क चाकांवर उतरते. तिथून पुढे, मऊ हिमाच्या प्रदेशात जायचे तर स्कीची विमाने लागतात. त्यातले एक म्हणजे बास्लर बीटी-६७. जुन्या डीसी-३ ला, म्हणजे आपल्या डाकोटालाच, नवी टर्बाइन इंजिने लावून तयार केलेले.

२६/
एवढ्या इतिहासातून निवडीचे चार प्रश्न हाती लागतात. एक : निघण्याची आणि उतरण्याची अशा दोन्ही जमिनी कोणत्या? दोन्हीकडे हिम असेल तर साधी स्की उत्तम. एका टोकाला कठीण जमीन असेल तर चाक-स्की. दोन : हिम किती खोल? दाबलेल्या हिमावर भोकाची स्की पुरते, खोल हिमात खालीवर होणारीच हवी. तीन : पायांचे वजन वजा जाता किती सामान उरते? चार, आणि हा शेवटी नाही, सर्वांत आधी विचारायचा : दुपारी बर्फ मऊ झाल्यावर किंवा रात्री स्की गोठल्यावर इथून निघता येईल का? म्हणूनच अनुभवी वैमानिक रात्री स्कीखाली फांद्या किंवा फळ्या सरकवून ठेवतात.

२७/
यवतमाळजवळ भारी इथे आज डांबरी धावपट्टी आहे. नियमित प्रवासी विमान तिथे येत नाही. आता आपल्याला पहिले उत्तर इतके सवयीचे झाले आहे की बाकीची दोन होती हेही विसरले गेले. जमीन बदला, सपाट करा, डांबर टाका, मग विमान येईल. त्याआधीच्या पिढ्यांना जमीन जशी आहे तशी वाचावी लागे. जुहूचा चिखल, व्हाल्डेझचा चिखल, लेहची वाळू, ध्रुवावरचे खरखरीत हिम, प्रत्येकाने आपली अट घातली. जी मंडळी ती अट आधी वाचून निघाली ती बहुतेक परत आली.

२८/
पावसाळ्यात आमच्याकडे भरली बंडी शेतातून काढायच्या आधी जाणता माणूस बैल जुंपत नाही. तो आधी पायी बांधापर्यंत चालत जातो आणि टाच दाबून माती पाहतो. हिमनद्यांवर उतरणारे वैमानिकही आधी जागेवरून खालून उडत जातात, स्की हलकेच टेकवून पुन्हा उचलतात, वळून आपल्याच खुणा पाहतात आणि मग ठरवतात. खुणा ओल्या, काळपट दिसल्या तर स्कीखाली पाणी आहे असे समजायचे आणि न उतरता घरी जायचे.

धागा इथे संपतो. तुमच्या गावाजवळ जुनी विमानपट्टी असेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना नागपूरच्या रात्रीच्या टपालविमानांची आठवण असेल, तर खाली जरूर लिहा.